सावकारांची घटना

अमेरिकेत काही बिनसलं की आपल्याकडच्या शहाण्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: ‘घटना उत्तम आहे हो, माणसं बिघडली.’ ट्रम्प निवडून आले, माणसं बिघडली. सरकारी कचेऱ्यांना टाळं लागलं, माणसं बिघडली. शाळेत पोरं गोळ्या खाऊन मेली आणि कायदा काही झाला नाही, तरी माणसंच बिघडली. राज्यशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला आणि हे वाक्य ऐकलं की अजूनही माझं टाळकं सरकतं. माणसं तिथे पूर्वीही अशीच होती. घटना ज्या कामासाठी केली ते काम ती आजही चोख बजावते आहे. फक्त ते काम लोकांचं राज्य चालवणं हे नव्हतंच. कर्जबाजारी बहुमतापासून सावकाराला वाचवणं, हे होतं.

परीक्षेच्या गाइडांत हे नसतं. तिथे १७८७ साली फिलाडेल्फियात ५५ थोर पुरुष जमतात, मॉन्टेस्क्यू वाचलेला असतोच, सत्तेचे तीन भाग करतात, एकाला दुसऱ्याचा लगाम लावतात आणि घरी जातात. पाच मार्क. ऐन उन्हाळ्यात, मळे आणि पेढ्या सोडून हे लोक जमले कशासाठी, हा प्रश्न मी पेपरात टाकला असता तर मुलांनी ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ म्हणून अर्ज दिला असता.

ते जमले शेतकऱ्यांच्या भीतीने.

१७८६ चा मॅसॅच्युसेट्स बघा. इंग्रजांशी तह होऊन तीन वर्षं झालेली. युद्धात लढलेले शेतकरी घरी आले ते हातात कागद घेऊन. थकलेल्या पगाराबद्दल सरकारने दिलेल्या चिठ्ठ्या. त्या चिठ्ठ्यांवर दुकानात मीठ मिळेना, म्हणून आलेल्या भावाला त्यांनी त्या फुंकून टाकल्या. घेणारे कोण, तर पैसा अडकवून वाट बघू शकणारे बंदरातले व्यापारी. मग राज्य सरकारने ठरवलं, की आपलं देणं मुद्दल-व्याजासह चुकतं करायचं, आणि त्यासाठी कर बसवला. तो पडला त्याच शेतकऱ्यांच्या डोक्यावर, आणि भरायचा सोन्या-चांदीच्या नाण्यात. खेड्यात नाणं औषधालाही नव्हतं. कर थकला, दुकानदाराची उधारी थकली, दावे झाले, हुकूमनामे झाले, गुरं आणि जमिनी लिलावात गेल्या, काही जण कर्जापायी तुरुंगात गेले. पलटणीतला माजी कॅप्टन डॅनियल शेज याच्यावर तर लाफायेतने दिलेली मानाची तलवार विकायची पाळी आली होती.

ऑगस्टच्या अखेरीस नॉर्थॅम्प्टनच्या न्यायालयापुढे हे लोक जमले आणि न्यायाधीशांना बसूच दिलं नाही. न्यायालय बसलं नाही तर हुकूमनामा नाही, हुकूमनामा नाही तर जप्ती नाही, इतका साधा हिशेब. तिजोरीत खडखडाट, म्हणून बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून गव्हर्नर बोडन यांना फौज उभी करून दिली. (गणपतीची वर्गणी आपण समजू शकतो, सैन्याची वर्गणी हा प्रकार मात्र जरा वरच्या दर्जाचा.) २५ जानेवारी १७८७ ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापुढे तोफा डागल्या गेल्या, चार माणसं मेली, आणि उरलेल्यांना वर्गणीच्या फौजेने बर्फातून पिटाळून लावलं.

इथवरची गोष्ट गाइडांत कधीमधी सापडते. पुढची नाही. त्याच वसंतात राज्यात निवडणूक झाली. बोडन सपाटून आपटले, जॉन हॅनकॉक आले, आणि नव्या विधिमंडळाने कर उतरवले, कर्जदारांना सवलत दिली. म्हणजे जे बंडाने साधलं नाही ते मतपेटीने साधलं. शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये तर बंडाचीही गरज पडली नव्हती. तिथे कर्जदारांचंच सरकार आलं, त्याने कागदी चलन छापलं आणि धनकोंनी ते घेतलंच पाहिजे असा कायदा केला. धनको गिऱ्हाईक बघून दुकानाला कुलूप लावायला लागले. या ऱ्होड आयलंडने फिलाडेल्फियाला प्रतिनिधीच पाठवला नाही, हे ओघाने आलंच.

भल्या माणसांची झोप उडाली ती तोफेच्या आवाजाने नव्हे. बंड मोडता येतं. निवडणूक कशी मोडणार? त्याचं उत्तर शोधायला फिलाडेल्फियात बैठक बसली आणि उत्तर घटनेच्या पहिल्याच कलमाच्या दहाव्या भागात आहे. कोणत्याही राज्याने कागदी चलन काढायचं नाही. सोन्या-चांदीच्या नाण्याखेरीज कर्जफेडीला दुसरं काही चालवून घ्यायचं नाही. आणि करारांच्या बंधनाला ढिलं करणारा कायदा करायचा नाही. झालं. मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याने उद्या पुन्हा निवडणूक जिंकली तरी काय उपयोग? त्याच्या आमदाराचे हात घटनेनेच बांधून टाकले.

हे वाचताना मला दरवेळी आपलं सुपे आठवतं, आणि ही आठवण ओढूनताणून आणलेली नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस बंद झाला तेव्हा मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज मात्र राहिलं, वर सरकारने सारा वाढवलेला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं बाहेर काढून जाळली. रोख वह्यांवर आणि खतांवर होता, जिवावर नव्हे, नॉर्थॅम्प्टनचाच हिशेब. आता पुढचं ऐका. इंग्रज सरकारने, म्हणजे ज्या सरकारला आमच्या एकाही मताची गरज नव्हती त्या परक्या सरकारने, चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. न्यायाधीशाने खतावर काय लिहिलंय तेवढंच न बघता मूळ व्यवहार उकरून बघावा, अवाच्या सवा व्याज छाटावं, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये. कायदा अपुरा होता, सावकारांनी त्यालाही पळवाटा काढल्या, सगळं मान्य. पण असला कायदा स्वतंत्र, लोकशाहीवादी मॅसॅच्युसेट्सला करता आला नसता. त्यांच्या घटनेतच बसला नसता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा फास थोडा सैल केला तो १९३४ साली, महामंदीत, मिनेसोटाच्या गहाण घरांच्या खटल्यात, आणि तोही पाच विरुद्ध चार मतांनी.

फिलाडेल्फियाच्या सभागृहात जे बोललं गेलं तेही ऐकण्यासारखं आहे. ऐकण्यासारखं म्हणून तर दारं लावून बोलले. बैठकीतले एक प्रतिनिधी मॅडिसन यांची तिथली टिपणं प्रसिद्ध झाली १८४० मध्ये, ते स्वतः जाऊन चार वर्षं झाल्यावर. एल्ब्रिज गेरी यांची तक्रार होती की देशात लोकशाही फार झाली. हॅमिल्टन १८ जूनला दिवसभर बोलले आणि अध्यक्ष आणि सीनेटर तहहयात असावेत असं सुचवून बसले. मॅडिसन जास्त हुशार. त्यांनी २६ जूनला सांगितलं की सीनेट अशी असावी जी मूठभर श्रीमंतांचं बहुसंख्यांपासून रक्षण करील. उगाच लपवाछपवी नाही. मग वाटणी झाली. लोकांनी थेट निवडायचं ते फक्त प्रतिनिधिगृह. सीनेटर निवडणार राज्यांची विधिमंडळं, अध्यक्ष निवडणार निर्वाचक, न्यायाधीश नेमले की मरेपर्यंत. घराला चार दरवाजे आणि त्यांतला एकच जनतेसाठी उघडा, तोही मागच्या अंगणात उघडणारा. नागरिकांच्या हक्कांची सनद घालावी असं जॉर्ज मेसन यांनी अखेरच्या आठवड्यात सुचवलं, तर एकाही राज्याचं मत त्यांना पडलं नाही. ज्या सनदेचं आपण वर्गात इतकं कौतुक करतो ती १७९१ मध्ये आली, आणि आली ती घटनेला विरोध करणाऱ्यांनी बोंब मारली म्हणून. श्रेय मात्र थोर पुरुषांच्या खात्यावर जमा.

सावकारीचा दुसरा हप्ता १७९० चा. हॅमिल्टन आता अर्थमंत्री. त्यांनी सांगितलं, सरकारचे सगळे जुने रोखे दर्शनी किमतीला मान्य करायचे, आज ते ज्याच्या हातात असतील त्याला. पण ते मुळात दिले होते सैनिकांना, आणि सैनिकांनी ते रुपयातल्या दोन-चार आण्यांना फुंकले होते. बातमी आधी लागलेल्या सटोडियांनी दक्षिणेकडे माणसं धाडली, खेड्यापाड्यांत जाऊन उरलेसुरले रोखे गोळा केले. मूळ मालकालाही काही वाटा द्या, असं मॅडिसन म्हणाले; इथे त्यांना पाझर फुटला. प्रतिनिधिगृहात त्यांची सूचना ३६ विरुद्ध १३ ने पडली. मग हे देणं फेडायला पैसा हवा, म्हणून १७९१ मध्ये दारूवर कर. पश्चिम पेनसिल्व्हेनियाचा शेतकरी मका आणि राय डोंगरापार नेणं परवडत नाही म्हणून त्याची दारू गाळून नेत असे. नेमका तो कचाट्यात सापडला. १७९४ मध्ये तो उठला, तेव्हा खुद्द वॉशिंग्टन सुमारे १३ हजारांची फौज घेऊन निघाले. या वेळी वर्गणी काढावी लागली नाही. नव्या घटनेने तेवढी प्रगती केली होती.

‘पण त्यामुळे देशाची पत वाढली, उद्योग उभे राहिले,’ असं अर्थशास्त्रवाले लगेच म्हणतील. वाढली की. मी कुठे नाही म्हणतो? पत वाढली ती कोणाच्या घामावर, एवढंच विचारतो.

याच यंत्रात गुलामांचे मालकही बसले. एका गुलामाला तीन पंचमांश माणूस धरायचं. मताला नव्हे, मालकाच्या राज्याच्या जागा वाढवायला. अध्यक्ष थेट मतांनी निवडला तर दक्षिणेचं नुकसान, कारण गुलाम मोजता येतात पण मत देत नाहीत, हे मॅडिसन यांनीच बोलून दाखवलं होतं. निर्वाचक मंडळात ती अडचण सुटली. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं अध्यक्षपदी व्हर्जिनियाचे गुलाममालक होते. १८६२ मध्ये राजधानीतले गुलाम मुक्त केले तेव्हा माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई देण्यात आली. मालकांना.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांना मुक्त केल्याबद्दल. जोतीरावांची नजर बघा: मान दिला तो माणसांना, त्यांच्या घटनेला नव्हे. घटनेने काय केलं ते चारच वर्षांत दिसलं. १८७६ च्या निवडणुकीत टिल्डन यांना मतं जास्त पडली, पण काही राज्यांचे निकाल वादात सापडले. पंधरा जणांचा आयोग नेमला, त्यात आठ विरुद्ध सात असा कौल झाला आणि हेज १८५ विरुद्ध १८४ निर्वाचकांनी अध्यक्ष झाले. पडद्यामागे जो सौदा झाला त्याची किंमत म्हणून दक्षिणेतल्या काळ्यांच्या पाठीशी उभं असलेलं केंद्राचं सैन्य १८७७ मध्ये मागे घेतलं गेलं. गोऱ्या मालकांना रान मोकळं झालं. काळ्यांना मताचा हक्क खऱ्या अर्थाने परत मिळाला १९६५ मध्ये. मधल्या काळात १९२२ साली माणसांना झाडाला टांगून मारण्याविरुद्धचं विधेयक प्रतिनिधिगृहात संमत झालं, सीनेटने भाषणं लांबवून ते मारलं. तसा कायदा व्हायला २०२२ उजाडलं. शंभर वर्षं! याला आमच्या गाइडांत ‘सखोल विचारविनिमयाचं वरिष्ठ सभागृह’ म्हणतात.

या सीनेटबद्दल मी थोडा जास्तच कडवट आहे, हे खरं. पण आकडे बघा. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख, वायोमिंगची ५ लाख ७७ हजार. दोघांचेही सीनेटर दोन-दोन. राजधानी वॉशिंग्टनमध्ये वायोमिंगपेक्षा जास्त माणसं राहतात, त्यांचा सीनेटर एकही नाही. ते बिचारे आपल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘प्रतिनिधित्वाविना करआकारणी बंद करा’ असं छापून फिरतात. ज्या घोषणेवर हा देश उभा राहिला ती त्याच्याच राजधानीत पत्र्यावर ठोकलेली. वर सीनेटने स्वतःच करून ठेवलेला नियम, की चर्चा थांबवायलाच ६० मतं लागतात. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची चौकशी करावी, एवढ्याच सूचनेवर एप्रिलमध्ये मतदान झालं. बाजूने ५४, विरुद्ध ४६. सूचना पडली. कोणीही बिघडलेलं नव्हतं. यंत्र सुरळीत चाललं होतं. केंद्राने ठरवलेलं किमान वेतनही जुलै २००९ पासून ताशी सव्वासात डॉलरवर बसून आहे, तेही याच सुरळीतपणामुळे.

न्यू जर्सीत माझा एक भाचा आहे. फोनवर मी असं काही बोललो की म्हणतो, ‘मामा, इथे सिस्टीम आहे. एकाच्या मनात आलं म्हणून काही होत नाही.’ होत नाही हे तर झालंच. भाचा ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. कोणत्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, म्हणून भारतीयांची रांग हनुमानाच्या शेपटीसारखी वाढतच चालली आहे. नोकरीवरच्या कार्डांपुरती ही मर्यादा उठवणारं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झालं. एवढं एकमत तिथे सहसा दिसत नाही. सीनेटमध्ये एकेका सदस्याच्या हरकतीने ते महिनोन्‌महिने अडलं, २०२० च्या डिसेंबरात वेगळ्याच रूपात बाहेर पडलं, दोन रूपांचा मेळ बसला नाही आणि ते मेलं. भाच्याला मी हे तारखांसकट सांगितलं. तो म्हणाला, ‘हो, पण बॅलन्स असतो ना मामा.’ पुढे मी बोललो नाही. बहिणीचा मुलगा आहे.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखी गुंतागुंतच नाही. १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार हजार डॉलरवरच्या मिळकतीवरचा दोन टक्के प्राप्तिकर पाच विरुद्ध चार मतांनी उडवला. तो परत आणायला घटनादुरुस्ती करावी लागली. १९७६ मध्ये त्याच न्यायालयाने निवडणुकीत पैसा ओतणं हे भाषणस्वातंत्र्यात धरलं, २०१० मध्ये तेच स्वातंत्र्य कंपन्यांना बहाल केलं. गुलामांना मुक्त नागरिक करण्यासाठी आणलेल्या चौदाव्या दुरुस्तीचा लाभ रेल्वे कंपन्या १८८६ पासूनच घेत होत्या.

प्राप्तिकराची ती दुरुस्ती १९१३ ची. सीनेटर लोकांनी थेट निवडावेत ही दुरुस्तीही त्याच वर्षीची. आणि त्याच वर्षी चार्ल्स बीअर्ड या कोलंबिया विद्यापीठाच्या प्राध्यापकाने पुस्तक लिहून दाखवलं, की घटनाकारांच्या स्वतःच्या पेट्यांत सरकारी रोखे होते. पुढच्या इतिहासकारांनी त्यांच्या हिशेबात बऱ्याच चुका काढल्या आणि त्या खऱ्याही आहेत; कोणाकडे किती रोखे होते यावरून कोणी कसं मत दिलं हे सिद्ध होत नाही. पण पहिल्या कलमाचा दहावा भाग त्यामुळे पुसला जात नाही. त्याच १९१३ च्या जुलैत, त्याच कोलंबियात, बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण दाखल झाला. भीमराव आंबेडकर.

‘बाबासाहेब तिकडेच शिकले ना?’ असं विचारून माझं तोंड बंद करू पाहणारे भेटतात, म्हणून हे सांगितलं. शिकले, आणि शिकल्यामुळेच त्यांनी ती पद्धत घेतली नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी हिशेब स्वच्छ मांडला: अमेरिकन पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, तिथे सरकारचा रोजच्या रोज जाब विचारता येत नाही, इथे येतो. स्थैर्य की जबाबदारी, यांत त्यांनी जबाबदारी निवडली. आपले सभ्य लोक मात्र अजूनही स्थैर्यासाठी झुरतात. ऐंशीच्या दशकात वसंत साठ्यांनी अध्यक्षीय पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये कोण आनंद झाला होता! आज तोच आनंद सोसायट्यांच्या क्लबहाउसात ऐकू येतो: एकदा अमेरिकेसारखा अध्यक्ष आणा, हे झोपडपट्टीचं राजकारण बंद होईल, कर्जमाफ्या बंद होतील, फुकट वाटप बंद होईल. या मंडळींनी मॅडिसन वाचलेला नाही, पण त्यांना नेमकं काय हवं आहे ते मॅडिसनला कळलं असतं. कर्जमाफी मागणारा विदर्भातला शेतकरी मतपेटीपर्यंत पोचला तरी तिजोरीपर्यंत पोचू नये, एवढीच त्यांची घटनात्मक आकांक्षा आहे. त्यासाठी त्यांनी अध्यक्ष मागू नये. सीनेट मागावी. वायोमिंगला दोन आणि कॅलिफोर्नियाला दोन, तसे मलबार हिलला दोन आणि मराठवाड्याला दोन.